गाभ्याच्या पेट्या आधी उघडा : भूऔष्णिक शोधमोहिमांना मंजुरी देणाऱ्यांना खुले पत्र

भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेच्या शोधमोहिमांचे प्रस्ताव तपासणाऱ्या, त्यांना पैसा आणि परवानगी देणाऱ्या समित्यांच्या सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापुढे येणाऱ्या बहुतेक प्रस्तावांच्या पहिल्या पानांतच एक रंगीत नकाशा असतो. पिवळा, नारिंगी, लाल. लाल म्हणजे खाली जास्त गरम. त्या लाल डागावर एक टिंब असतं आणि शेजारी लिहिलेलं असतं, ‘३ किलोमीटरवर अपेक्षित तापमान २०० अंश’. मग चर्चा रिग, म्हणजे खोल विहीर खोदणारं यंत्र, कधी मिळेल इथपासून सुरू होते आणि वीज कुठल्या तारेत सोडायची इथपर्यंत जाते. ते २०० अंश कुठल्या मोजणीतून आले, मधल्या ३ किलोमीटरांत कोणते खडक आहेत आणि त्यांतला एक तरी कुणी हातात घेऊन मोजला आहे का, हा प्रश्न अशा बैठकांत मी फार क्वचित ऐकला. तो तुम्ही विचारावा म्हणून हे पत्र लिहिते आहे.

गेली बावीस वर्षं मी खडकांची उष्णतावाहकता, म्हणजे खडकातून उष्णता किती सहज जाते ते, मोजते. काम दिसायला साधं आहे. बोअरमधून वर आलेल्या गाभ्याचा, ज्याला आम्ही कोअरच म्हणतो, दीड-दोन सेंटीमीटर जाडीचा काप करायचा. त्याच्या दोन्ही बाजू घासून इतक्या सपाट करायच्या की काचेवर ठेवल्यावर खालून उजेड दिसता कामा नये. चकती निर्वात भांड्यात ठेवून छिद्रांतली हवा काढायची आणि तिच्या जागी पाणी शिरू द्यायचं, कारण जमिनीखाली हा खडक ओलाच होता. पेटीत वर्षानुवर्षं वाळलेला सच्छिद्र वालुकाश्म तसाच मोजला तर आकडा कधीकधी निम्म्यावर येतो. मग ती चकती धातूच्या दोन दांड्यांमध्ये दाबून बसवायची. वरचा दांडा गरम, खालचा थंड. थोडा वेळ थांबलं की आकडे हलायचे थांबतात आणि चकतीच्या दोन अंगांमधला तापमानाचा फरक वाचता येतो.

शेल म्हणजे चिखल दाबून घट्ट झालेला खडक. त्याची चकती काळी, गुळगुळीत, नखानं पापुद्रा सुटेल अशी असते. तिच्यातून उष्णता नाखुशीनं जाते, त्यामुळे दोन अंगांमधला फरक मोठा येतो. क्वार्टझाइट या कठीण, स्फटिकमय खडकाची चकती पांढरट-गुलाबी, फुटल्या कडेला काचेसारखी चमकणारी. तिच्यातून उष्णता सरळ निघून जाते आणि फरक अगदी थोडा उरतो. आकड्यांत सांगायचं तर शेलची उष्णतावाहकता साधारण १ ते २ वॅट प्रति मीटर प्रति अंश, ग्रॅनाइटची अडीच ते साडेतीन, क्वार्टझाइट आणि सैंधव मिठाची ५ च्या आसपास किंवा वर, आणि कोळशाची अर्ध्या वॅटहूनही कमी.

आता या चकत्यांचा तुमच्या नकाशाशी काय संबंध, ते सांगते. फूरिये या फ्रेंच गणितज्ञानं १८२२ मध्ये मांडलेला नियम आजही आमचा पाया आहे. खालून वर येणारी उष्णता म्हणजे खोलीगणिक तापमान ज्या दरानं वाढतं तो दर, गुणिले खडकाची उष्णतावाहकता. खंडांवर हा उष्णताप्रवाह सरासरी चौरस मीटरमागे ६५ ते ७० मिलिवॅट असतो. हजार चौरस मीटर जागेतून जेमतेम एक जुना पिवळा बल्ब पेटेल एवढाच. हा प्रवाह थर बदलला म्हणून फारसा बदलत नाही. बदलतो तो तापमानवाढीचा दर, म्हणजे आम्ही ज्याला ग्रेडियंट म्हणतो तो. ६५ मिलिवॅट उष्णता दीड उष्णतावाहकतेच्या शेलमधून जाताना दर किलोमीटरला ४३ अंशांची वाढ दिसते. तीच ६५ मिलिवॅट ५ उष्णतावाहकतेच्या क्वार्टझाइटमधून जाताना दर किलोमीटरला फक्त १३ अंश. खाली आग तेवढीच आहे, पांघरूण वेगळं आहे.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. खरं कळलं ते नोकरीच्या तिसऱ्या वर्षी.

एका प्रकल्पासाठी दीडदीडशे मीटरचे तीन उथळ बोअर घेतले होते. तिन्ही शेलमध्ये. ग्रेडियंट आला किलोमीटरला ६० अंश, म्हणजे जगाच्या सरासरीच्या दुप्पट. सगळे हरखून गेले आणि मीही गेले. पृष्ठभागाचं तापमान २० धरून ती रेघ सरळ खाली ओढली गेली आणि ३ किलोमीटरवर २०० अंश हा आकडा प्रस्तावात बसला. मी विचारलं होतं की शेल किती खोल जातो. उत्तर मिळालं, ‘ते ड्रिलिंगमध्ये कळेलच.’ कळलं. शेल ८०० मीटरवर संपला आणि त्याखाली तळापर्यंत क्वार्टझाइट आणि कठीण वालुकाश्म लागला. विहीर पूर्ण झाली, महिनाभर शांत ठेवली, तापमापी खाली सोडली. तळाचं तापमान १०८ अंश.

त्या कार्यालयाच्या मागच्या गोदामात पेट्यांचा एक ढीग होता. त्याच भागात कैक वर्षांपूर्वी खनिजाच्या शोधासाठी घेतलेला एक जुना बोअर, ११०० मीटर खोल, आणि त्याचा संपूर्ण गाभा त्या पेट्यांमध्ये. विहिरीचा निकाल लागल्यावर मी त्या उघडल्या. ८०० मीटरच्या खुणेपाशी काळा शेल संपून गुलाबी क्वार्टझाइट सुरू झालेला होता, धारदार रेघेसारखा. सहा चकत्या कापल्या. सरासरी उष्णतावाहकता ४.८. शेलची १.४. पुढचं गणित कागदाच्या पाठीवर झालं. ६० अंश गुणिले १.४ म्हणजे ८४ मिलिवॅट. वरचे ८०० मीटर ४८ अंश वाढवतात, आपण ६८ वर येतो. उरलेले २२०० मीटर किलोमीटरला साडेसतरा अंशांनी वाढतात, म्हणजे आणखी ३८. बेरीज १०६ ते १०७. विहिरीनं १०८ सांगितलं.

म्हणजे ते उत्तर आधीपासून गोदामात पडून होतं, विहिरीच्या जागेपासून फार लांबही नव्हतं. त्या संध्याकाळी मी पेट्यांची झाकणं परत लावली तेव्हा मला जे वाटलं, ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

वरचा थर मोजायचा आणि खालचंही तसंच धरायचं, ही चूक जुनी आहे आणि मोठ्या माणसांच्या हातूनही झालेली आहे. लॉर्ड केल्विन यांनी १८६० च्या दशकात जमिनीतल्या ग्रेडियंटवरून पृथ्वीचं वय काढलं. सुरुवातीचा अंदाज २ कोटी ते ४० कोटी वर्षांचा होता आणि पुढे ते कमी आकड्याकडेच झुकत गेले. त्यांचेच एकेकाळचे साहाय्यक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये दाखवून दिलं की पृथ्वीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा उष्णता अधिक सहज पोहोचवत असेल, तर हे वय कितीतरी पटींनी वाढतं. गणित केल्विनचं बरोबरच होतं. सगळीकडे एकच वाहकता धरली, तिथं ते अडखळले.

उलटा प्रकारही असतो, आणि तिथं खडक आपल्या बाजूनं असतात. काही ग्रॅनाइटांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम नेहमीपेक्षा जास्त असतं. त्यांच्या किरणोत्सर्गातून घनमीटरमागे ५ मायक्रोवॅट किंवा त्याहून जास्त उष्णता सतत तयार होत राहते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण असा ग्रॅनाइट १० किलोमीटर जाड असेल तर तो एकटाच चौरस मीटरमागे ५० मिलिवॅट पुरवतो. त्यावर कमी वाहकतेचं जाड पांघरूण असेल तर खाली उष्णता साठत जाते. ऑस्ट्रेलियातल्या कूपर खोऱ्यात नेमकं हेच आहे. उष्ण ग्रॅनाइट, वर साडेतीन किलोमीटरहून जाड गाळाचे थर, त्यांत कोळसाही. ज्वालामुखीचा मागमूस नाही आणि तरी सव्वाचार किलोमीटरच्या खाली २४० अंशांहून जास्त तापमान मिळालं. म्हणून प्रस्तावात ग्रॅनाइट असं नुसतं नाव लिहिलेलं असेल तर त्याचं किरणोत्सर्गी पृथक्करण मागा. सामान्य ग्रॅनाइट याच्या निम्मी उष्णता देतो आणि बेसॉल्ट त्याच्याही पाचव्या हिश्श्याएवढी जेमतेम.

आता ती सरळ रेघ आणखी कुठे मोडते, ते फ्रान्समधल्या सुल्त्स-सू-फोरे इथल्या विहिरींनी सगळ्यांना दाखवलं आहे. ऱ्हाइन नदीच्या खचदरीतली ही जागा. पहिल्या किलोमीटरमध्ये तापमान १०० अंशांहून जास्त वाढतं. अशा आकड्यावरून ५ किलोमीटरवर ५०० अंश मिळतील असं कुणीही म्हणेल. पण त्याखाली जवळजवळ साडेतीन किलोमीटरपर्यंत वाढ अगदी नाममात्र होते, काही भागात किलोमीटरला अवघी ५ अंशांच्या आसपास. मग पुन्हा ती नेहमीसारखी होते आणि ५ किलोमीटरवर हाती येतात साधारण २०० अंश. कारण मधल्या भेगाळलेल्या पट्ट्यात पाणी फिरतं आहे. गरम पाणी वर येतं, थंड पाणी खाली जातं, सगळा पट्टा ढवळून एकसारखा होतो, आणि त्याच्या वरच्या झाकणात ग्रेडियंट एकदम चढा दिसतो. उथळ बोअरमधला फार मोठा ग्रेडियंट पाहून आनंद होतो, पण तो बऱ्याचदा खाली पाणी फिरत असल्याचा निरोप असतो. तो निरोप चांगलाही आहे, कारण पाणी फिरतं आहे म्हणजे भेगा उघड्या आहेत. फक्त त्याचा अर्थ ‘आणखी खोल, आणखी गरम’ असा लावू नये.

तापमान मोजण्यातही घाई चालत नाही. ड्रिलिंगच्या वेळी चिखलपाणी सतत खालीवर फिरत असतं. ते बोअरचा तळ थंड करतं आणि वरचा भाग तापवतं. ड्रिलिंग थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेलं तळाचं तापमान जवळपास नेहमीच खऱ्यापेक्षा कमी असतं. त्यावर दुरुस्तीची सूत्रं आहेत, पण काही आठवडे, शक्य तर काही महिने थांबून घेतलेल्या मोजणीला तोड नाही. रिगचं भाडं चालू असताना थांबा म्हणणं अवघड असतं हे मला समजतं. रिग जाऊ द्या, बोअर फक्त उघडा ठेवा. तापमापी सोडायला रिग लागत नाही.

खडकाची आठवण किती लांब असते हेही लक्षात घ्यायला हवं. उष्णता खडकात अतिशय हळू सरकते. १० मीटर जायला तिला वर्षं लागतात तीनेक, १०० मीटरला सुमारे तीनशे, आणि १ किलोमीटरला तीस हजार. त्यामुळे उत्तरेकडच्या प्रदेशांत हिमयुगाची थंडी अजूनही वरच्या एक-दोन किलोमीटर खडकात मुरलेली आहे आणि तिथले उथळ ग्रेडियंट खऱ्यापेक्षा कमी दिसतात. रशियाच्या कोला द्वीपकल्पावरच्या १२,२६२ मीटरच्या बोअरमध्ये तळाशी १०० अंशांच्या आसपास तापमान अपेक्षित होतं, निघालं १८०.

इथवर सगळं उष्णतेबद्दल झालं. पण ज्या मोहिमा फसताना मी पाहिल्या त्यांतल्या निम्म्याहून जास्त उष्णता कमी पडली म्हणून फसल्या नाहीत. खडक पाणी जाऊ देईना म्हणून फसल्या.

एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत उष्णतावाहकता फार तर दहापट बदलते. पारगम्यता, म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं ते, कोटी-कोटी पटींनी बदलते. चांगला वालुकाश्म आणि अखंड ग्रॅनाइट यांच्यात एकावर सहा-आठ शून्यं एवढं अंतर सहज असतं. एवढ्या मोठ्या अनिश्चिततेला प्रस्तावात मिळतो एक परिच्छेद, आणि तापमानाला मिळतात चाळीस पानं. यात बदल व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

भेगांचं गणित तर फारच कडक आहे. एका भेगेतून वाहणारं पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतं. भेग दुप्पट रुंद, तर पाणी आठपट. भेग निम्मी झाली, तर पाणी एक अष्टमांश. अर्ध्या मिलिमीटरची भेग आणि पाव मिलिमीटरची भेग, गाभ्यात डोळ्यांना सारख्याच दिसतात. त्यातून विहीर चालेल की नाही हे ठरतं. म्हणून गाभ्यातल्या भेगा मोजताना मी भिंग घेऊन बसते, आणि भेग रिकामी आहे की कॅल्साइट, सिलिका अशा खनिजांनी भरून गेली आहे, हे प्रत्येक भेगेपुढे लिहायला लावते. शंभर भरलेल्या भेगांपेक्षा एक उघडी भेग मोलाची.

त्या भेगेतून नुसतं पाणी जाऊनही भागत नाही. १ घनकिलोमीटर ग्रॅनाइट २० अंशांनी थंड केला तर ३० वर्षं साधारण ४८ मेगावॅट उष्णता मिळू शकते. वीज करायची तर हाती त्याचा सुमारे दहावा हिस्सा लागतो. साठा मोठा आहे, पण पाणी त्या सगळ्या खडकाला शिवलं पाहिजे. सगळं पाणी एकाच रुंद भेगेतून पळालं तर त्या भेगेच्या भिंती काही वर्षांतच थंड पडतात, आणि शंभर मीटर पलीकडची उष्णता तिथवर यायला शतकं घेते. कूपर खोऱ्यातल्या हबानेरो विहिरींमध्ये प्रवाह मुख्यतः एकाच भ्रंशपट्ट्यातून, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या पट्ट्यातून, होता. तिथला १ मेगावॅटचा प्रायोगिक संच २०१३ मध्ये काही महिने चालला आणि पुढे खर्च, खोली, ग्राहकांपासूनचं अंतर अशा कारणांनी तो प्रकल्प बंद झाला. २०१६ मध्ये विहिरी बुजवण्याचं काम झालं. त्याच्यासमोर पॅरिसचं खोरं ठेवून पाहा. दीड ते २ किलोमीटरवर डॉगर नावाचा चुनखडीचा थर, तापमान अवघं ५५ ते ८५ अंश. पण थर पारगम्य आहे, पाणी भरपूर देतो. १९६९ पासून त्या पाण्यावर घरं गरम केली जात आहेत. तुमच्या रंगीत नकाशावर हे खोरं लाल दिसलंही नसतं.

पाण्याचा साठाही संपू शकतो. कॅलिफोर्नियातलं गायझर्स हे जगातल्या सर्वांत मोठ्या भूऔष्णिक क्षेत्रांपैकी एक. १९८० च्या दशकाअखेर तिथं वाफेचा दाब झपाट्यानं घसरला. खडक गरमच होते, त्यांतलं पाणी उपसलं गेलं होतं. पुढे १९९७ पासून आणि नंतर २००३ पासून आणखी एका नळमार्गानं शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी खाली सोडायला लागले आणि घसरण आवरली.

भेगा नसतील तर त्या तयार करता येतात, हे खरं आहे. पाणी दाबानं सोडून खडक उकलायचा. पण खडक आपल्या इच्छेनं उकलत नाही, जमिनीतल्या ताणाच्या दिशेनं उकलतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या फेंटन हिल इथल्या प्रयोगाच्या दुसऱ्या टप्प्यात दोन विहिरी आधी खोदल्या आणि मग भेगा एकीकडून दुसरीकडे जातील अशी अपेक्षा ठेवली. भेगा भलत्याच दिशेला वाढल्या, विहिरी जोडल्याच गेल्या नाहीत. शेवटी बारीक भूकंपांचे धक्के कुठे नोंदले गेले ते पाहून एक विहीर वाकडी वळवून त्या भागात न्यावी लागली, तेव्हा पाणी फिरलं. आज काम या क्रमानंच करतात. आधी ताण मोजायचा, धक्के ऐकायचे, मग दुसरी विहीर. अमेरिकेतल्याच नेवाडात २०२३ मध्ये आडव्या विहिरी खोदून, टप्प्याटप्प्यानं भेगा पाडून सेकंदाला ६३ लिटर प्रवाह आणि साडेतीन मेगावॅट वीज मिळवून दाखवली गेली, ती या चाळीस वर्षांच्या शिकण्यावर उभी आहे.

ताण न मोजण्याची किंमत फक्त पैशांत नसते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये ८ डिसेंबर २००६ रोजी पाणी सोडल्यामुळे ३.४ तीव्रतेचा धक्का बसला, घरांना तडे गेले आणि २००९ मध्ये प्रकल्प कायमचा थांबला. दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला. माणसं जखमी झाली, शेकडो लोक बेघर झाले. सरकारनं नेमलेल्या अभ्यासगटानं २०१९ मध्ये निष्कर्ष दिला की भूऔष्णिक विहिरीत सोडलेल्या पाण्यानं तिथला भ्रंश जागा केला होता. तेव्हा भ्रंश कुठे आहे, तो आधीच घसरायच्या बेतात आहे का, हे प्रश्न परवानगीच्या शेवटच्या पानावर ठेवू नका. ते पहिल्या पानावर हवेत. या ऊर्जेवर माझं प्रेम आहे म्हणूनच मला हे सांगावं लागतं आहे.

पृष्ठभागावरच्या खुणांबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण प्रस्तावांत त्यांवर फार भर असतो. गरम झरा दिसला की त्याच्या शेजारीच बोअर घ्यावासा वाटतो. पण झऱ्याचं पाणी कधीकधी कितीतरी लांबून, तिरकं वर आलेलं असतं. झऱ्याचं तापमान सोडा, त्यात काय विरघळलं आहे ते पाहा. पाण्यातलं सिलिका खाली किती उष्णता भेटली याची आठवण ठेवतं. किलोमागे १०० मिलिग्रॅम सिलिका असेल तर क्वार्ट्झच्या सूत्रानुसार पाणी खाली साधारण १३७ अंशांच्या खडकाशी राहून आलं आहे, ३०० असेल तर २०० अंशांच्या थोडं वर. वाटेत थंड पाणी मिसळलं असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांच्या प्रमाणांवरूनही तो पडताळायचा.

जमिनीखालचा विद्युतरोध मोजणाऱ्या मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षणात दिसणारा कमी विद्युतरोधाचा थरही असाच. तापत्या पाण्यानं खडकाची स्मेक्टाइट ही चिकणमाती बनते, ती वीज सहज वाहू देते, आणि तिचं झाकण साठ्यावर टोपीसारखं दिसतं. २०० अंशांच्या पुढे ती टिकत नाही, इलाइट आणि क्लोराइट ही खनिजं येतात, २४० च्या वर एपिडोट हे खनिज दिसू लागतं. सुंदर खूण आहे ही. फक्त खनिजं कधीकाळचं सर्वांत जास्त तापमान सांगतात, आजचं नाही. साठा लाख वर्षांपूर्वी थंड झाला असेल तरी टोपी तशीच दिसते. एपिडोट २४० म्हणतंय आणि तापमापी १५०, असं झालं तर तापमापीवर विश्वास ठेवायचा.

आणि जागा निवडताना भ्रंशाचा सर्वांत मोठा, सरळ, नकाशावर उठून दिसणारा भाग पकडू नका. अमेरिकेच्या ग्रेट बेसिनमधल्या अभ्यासांनी हे चांगलं दाखवलं आहे. गरम पाणी वर येतं ते बहुतेक वेळा भ्रंश जिथं संपतो, दुसऱ्याला छेदतो, किंवा एक भ्रंश सोडून शेजारचा सुरू होतो अशा गुंतागुंतीच्या ठिकाणी. तिथं खडक जास्त फुटलेला असतो आणि वारंवार फुटत राहतो, त्यामुळे खनिजांनी बुजलेल्या भेगा पुन्हा उघडतात. अशा कित्येक जागी वर ना झरा असतो ना वाफ.

मी काय मागते आहे ते आता स्पष्ट लिहिते. खोल विहिरीला मंजुरी देण्याआधी थरवार उष्णतावाहकतेचा तक्ता मागा, आणि आकडे पुस्तकातले आहेत की त्याच भागातल्या ओल्या चकत्यांवर मोजलेले, हे विचारा. उष्णताप्रवाह काढल्याशिवाय ग्रेडियंटची रेघ खाली ओढलेली असेल तर प्रस्ताव परत पाठवा. ३ किलोमीटरवरचं तापमान एका आकड्यात सांगितलं असेल तर तेही परत पाठवा. ‘१०५ ते १४५ अंश’ असं लिहिणारा माणूस ‘२०० अंश’ लिहिणाऱ्यापेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचा आहे. पारगम्यतेसाठी आणि ताणासाठी तापमानाएवढीच पानं आणि तेवढाच पैसा ठेवा. एका खोल विहिरीपुढे शंभर चकत्या मोजण्याचा खर्च कुठे दिसतही नाही.

फसलेल्या विहिरींची माहिती कृपा करून दाबून ठेवू नका. त्या १०८ अंशांच्या विहिरीचा अहवाल कुठेही छापला गेला नाही. तीन वर्षांनी शेजारच्या खोऱ्यात दुसऱ्या एका मंडळींनी शेलमध्येच उथळ बोअर घेतले आणि सरळ रेघ ओढली. मला ते उशिरा कळलं. माझ्याकडे सहा चकत्यांचे आकडे होते आणि ते कुणाला देण्याची परवानगी नव्हती.

शेवटी गाभ्याबद्दल. खनिजासाठी, धरणांसाठी, बोगद्यांसाठी, तेलासाठी आजवर खोदलेल्या बोअरचा गाभा ठिकठिकाणच्या गोदामांत पडून आहे. जागा हवी म्हणून त्याच्या पेट्या रिकाम्या केल्या जातात, दगड भरावात जातात. तसं करण्याआधी प्रत्येक थराचा हाताएवढा एक तुकडा तरी राखून ठेवण्याचा आदेश तुम्ही काढू शकता. त्याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या जुन्या गोदामात गेले होते. पेट्या अजून तिथंच आहेत, पण झाकणांवर मार्करनं लिहिलेली खोली पुसट होत चालली आहे. ४१० आहे की ४७० हे काही पेट्यांवर आता सांगता येत नाही. खोली माहीत नसलेला गाभा माझ्या काही कामाचा नाही. नवीन लेबलं लावायला दोन माणसं आणि एक आठवडा लागेल. परवानगीचा अर्ज मी दिला आहे, तो तुमच्यापैकीच कुणाच्या तरी टेबलावर आहे.

आपली,
खडकांची उष्णतावाहकता मोजणारी एक भूभौतिकतज्ज्ञ